काँक्रीटच्या रस्त्याला चिरा का पाडतात?

मीरा-भाईंदर शहरात गेल्या काही वर्षांत एकामागून एक रस्ते काँक्रीटचे होत आहेत. सिल्व्हर पार्कच्या आसपास किंवा तुमच्या स्वतःच्या गावात असे काम चालू असेल, तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. काँक्रीट ओतून, पृष्ठभाग सारखा करून कामगार जातात. त्यानंतर काही तासांतच, पुष्कळदा रात्री-अपरात्री, एक जण गोल पात्याचे यंत्र ढकलत येतो आणि त्या कोऱ्या करकरीत रस्त्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ चीर पाडतो. चार-साडेचार मीटर पुढे जाऊन दुसरी चीर, मग तिसरी. चिरेची खोली स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश असते. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतोच, ‘‘अहो, काल केलेला रस्ता आज कापताय कशाला?’’

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अभियंत्यांनाही सहजासहजी मिळालेले नाही. काँक्रीटचे पहिले रस्ते झाले, तेव्हापासून हे उत्तर पुरते हाती येईपर्यंत साठ वर्षे लोटली. त्या साठ वर्षांत जे कळले त्याचे सार असे, की काँक्रीटला तडा जाणारच. आपल्या हाती एवढेच आहे, की तो कोठे जावा हे आधी ठरवायचे. रस्त्यांवर आज जो अफाट सार्वजनिक पैसा खर्च होत आहे (एकट्या मुंबई महानगरपालिकेने २०२३ च्या आरंभी सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाला हात घातला, आणि त्याचा खर्च सहा हजार कोटी रुपयांच्या घरात होता), तो पाहता ही गोष्ट केवळ अभियंत्यांनी जाणून पुरेशी नाही. समोरचा तडा निरुपद्रवी आहे की निष्कृष्ट कामाची खूण आहे, हे त्या रस्त्यावरून चालणाऱ्यालाही ओळखता आले पाहिजे.

शाडूची पट्टी आणि सँडपेपर

आधी वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग. शाडूची माती पाण्यात मळून साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या आणि ३० सेंटिमीटर लांबीच्या तीन पट्ट्या करा. पहिली पट्टी तेल लावलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवा. दुसरी आणि तिसरी फळीवर चिकटवलेल्या खरखरीत सँडपेपरवर घट्ट दाबून बसवा. तिसऱ्या पट्टीवर सुरीने दर पाच सेंटिमीटरवर अर्ध्या खोलीपर्यंत आडव्या रेघा ओढा. तिन्ही पट्ट्या दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या.

प्लॅस्टिकवरची पट्टी वाळताना आक्रसते, दोन्ही टोकांकडून आत सरकते आणि बहुधा अखंड राहते. सँडपेपरवरच्या पट्टीलाही आक्रसायचे असते, पण खालचा खरखरीतपणा तिला सरकू देत नाही. अशा वेळी माती ताणली जाते आणि वाटेल तेथे, वेड्यावाकड्या भेगा पडून तुटते. तिसरी पट्टीही तुटते, पण सुरीच्या रेघांवरच तुटते. भाईंदरच्या मिठागरांत किंवा पाणी आटलेल्या भातखाचरात चिखलाला जे बहुकोनी भेगांचे जाळे पडते, ते याच कारणाने.

काँक्रीटचे वागणे असेच असते. सिमेंट घट्ट होते ते वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. म्हणून तर आपण त्यावर गोणपाट टाकून दिवसेंदिवस पाणी मारतो. पण काम करण्यास सोपे जावे म्हणून काँक्रीटमध्ये क्रियेला लागते त्याहून जास्त पाणी घालावे लागते. हे जादा पाणी पुढे हळूहळू उडून जाते आणि काँक्रीट आक्रसते. शिवाय क्रिया चालू असताना उष्णता बाहेर पडते. दुपारी ओतलेले काँक्रीट रात्री थंड होते, तेव्हाही ते आक्रसते.

आता थोडा हिशोब. तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले की काँक्रीट आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखाव्या भागाने आखूड होते. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीन लाख किलोग्रॅम आहे. समजा, तापमान दहा अंशांनी उतरले आणि काँक्रीटला मुळीच आक्रसू दिले नाही. मग त्यात निर्माण होणारा ताण तीन लाख गुणिले दहा भागिले एक लाख, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोग्रॅम. चांगले काँक्रीट दाबाखाली ४०० किलोग्रॅम सहज पेलते, पण नुसत्या ओढीखाली त्याची सहनशक्ती जेमतेम याच तिसाच्या आसपास असते. वरून एकही ट्रक न जाता, केवळ एका गार रात्रीने रस्ता तुटू शकतो तो असा.

एका औषधालाही पाच वर्षांची हमी

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६५ मध्ये स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे जोसेफ मिचेल या अभियंत्याने काँक्रीटचा रस्ता करून पाहिला. हे प्रयोग तुरळक राहिले. ज्या रस्त्याचे काही भाग आजही जागेवर आहेत आणि ज्याचे नाव सगळे घेतात, तो अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बेलफाँटेन या लहानशा गावातला. गावातले रस्ते पावसात चिखलाने भरत. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या गृहस्थाने जवळपास सापडणारा चुनखडक आणि चिकणमाती वापरून सिमेंट बनवायला घेतले होते. आपल्या सिमेंटचा रस्ता होऊ शकतो, असे त्याने गावकऱ्यांना सांगितले. पण गावाची समिती बधेना.

१८९१ मध्ये त्याला न्यायालयाच्या चौकात एक अरुंद पट्टी करू देण्यात आली. घोडे बांधण्याची ती जागा. नाल ठोकलेले घोडे दिवसभर पाय आपटत उभे राहत, आणि तरी पट्टी टिकली. तेव्हा १८९३ मध्ये कोर्ट ॲव्हेन्यू हा रस्ता करण्याचे काम त्याला मिळाले, पण एका अटीवर. रस्ता पाच वर्षे टिकेल याची हमी म्हणून त्याने पाच हजार डॉलर बांधून द्यायचे. आज आपल्याकडे ठेकेदारावर ‘दोष दायित्व कालावधी’ घालतात त्याचेच हे जुने रूप. फरक एवढाच, की या रस्त्याच्या हमीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली आहेत.

बार्थोलोम्यूला ताण-दाबाचे गणित अवगत नव्हते. पण त्याने एक गोष्ट केली, जी पुढच्या पिढीतल्या पुष्कळ शिकल्या-सवरल्या अभियंत्यांनी केली नाही. त्याने रस्ता सलग ओतला नाही. पाच फूट लांब-रुंद चौकोन आखून त्यांत काँक्रीट भरले, म्हणजे जणू मोठ्या फरश्याच बसवल्या. फरश्यांमधले सांधे म्हणजे आयत्याच भेगा होत्या. आक्रसायला जागा मिळाली आणि आडवातिडवा तडा जाण्याचे कारण उरले नाही.

१९०९ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूचा एक मैल काँक्रीटचा झाला आणि मग लाटच आली. मोटारी वाढत होत्या, सिमेंट स्वस्त होत होते. पण या लाटेत बार्थोलोम्यूचे चौकोन मागे पडले. सांधा हा गाडीला बसणारा हिसका आणि बांधणाऱ्याला पडणारा त्रास. तो जितका कमी तितके बरे, असा विचार झाला. कोणी दहा-बारा मीटरवर सांधे ठेवले, कोणी ते मुळीच ठेवले नाहीत. स्लॅबही पातळ, दहा-पंधरा सेंटिमीटरचे. पहिल्या महायुद्धात या रस्त्यांवर भरीव रबरी टायरांचे लष्करी ट्रक धावू लागले आणि रस्ते फुटू लागले. पण ते वाटेल तसे फुटत नव्हते. कोपरे तुटत होते आणि लांब स्लॅब बरोबर मधोमध चिरत होते.

कोपरा का तुटतो

कोपऱ्याचे गणित इतके सोपे आहे, की अकरावीचा विद्यार्थीही ते करू शकेल. अमेरिकेच्या रस्ते विभागातील ए. टी. गोल्डबेक यांनी १९१९ मध्ये ते मांडले. समजा, स्लॅबच्या काटकोनी कोपऱ्याखाली जमिनीचा मुळीच आधार नाही आणि अगदी टोकावर चाकाचा भार भ आहे. स्लॅबची जाडी ज. टोकापासून कर्णरेषेवर क्ष अंतरावर, कर्णाला काटकोनात छेद घ्या. काटकोन असल्यामुळे या छेदाची रुंदी २क्ष. छेदावरचे वाकवणारे आघूर्ण भ × क्ष. आयताकृती छेदाचा छेदांक म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले सहा, अर्थात २क्ष × ज² / ६. आघूर्णाला छेदांकाने भागले, की क्ष वर आणि खाली उडून जातो आणि उरतो

ताण = ३भ / ज²

क्ष उडून गेला याचा अर्थ पाहा. टोकापासून कोठेही छेद घेतला तरी ताण तोच. हा ताण स्लॅबच्या वरच्या अंगाला पडतो. म्हणूनच कोपऱ्याचा तडा वरून खाली जातो.

आता आकडे घाला. चाकावर चार टन भार आणि स्लॅब १५ सेंटिमीटरचा असेल, तर ताण दर चौरस सेंटिमीटरला ५३ किलोग्रॅम. चांगले काँक्रीट वाकताना साधारण ४५ पर्यंत टिकते, त्यामुळे हा कोपरा एका फेरीतच तुटणार. जाडी २० सेंटिमीटर केली तर ताण ३० वर येतो. ३० सेंटिमीटर केली तर अवघा १३. जाडीचा वर्ग भागाकारात असल्याने थोडी जाडी वाढवली तरी पुष्कळ फरक पडतो. उलट, ३० सेंटिमीटरच्या ठिकाणी कोणी २५ सेंटिमीटर घातले तर वाचणारे काँक्रीट सतरा टक्के, आणि वाढणारा ताण चव्वेचाळीस टक्के. कडेने मोजपट्टी लावून जाडी पाहणाऱ्या नागरिकाला हे एक समीकरण पुरेसे आहे.

पण कोपऱ्याखाली जमिनीचा आधार नाही, हे गृहीत तरी कसे धरायचे? स्लॅब तर जमिनीवरच ओतलेला असतो. या शंकेचे उत्तर इलिनॉय राज्यातल्या बेट्स या गावाजवळ मिळाले. १९२० ते १९२३ या काळात तेथे एका रस्त्यावर निरनिराळ्या जाडीचे, निरनिराळ्या प्रकारचे तुकडे एकापुढे एक बांधून त्यांवरून ट्रक चालवण्यात आले आणि ट्रकांचा भार पायरीपायरीने वाढवत नेला गेला. हे काम क्लिफर्ड ओल्डर या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाले. कोणता तुकडा कोठे तुटतो याची नोंद झालीच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट भार नसताना दिसली. स्लॅब रात्रंदिवस हलत होते. रात्री कोपरे जमिनीवरून किंचित उचलले जात आणि दिवसा पुन्हा खाली बसत.

पापड आणि स्लॅब

उन्हात वाळत घातलेला पापड कडांनी वर वळतो, कारण वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आक्रसतो. रात्री उघड्या आकाशाखाली स्लॅबचा वरचा भाग लवकर थंड होतो आणि खालचा अजून उबदार असतो. स्लॅब पापडासारखाच कडांनी वर उचलला जातो. दुपारी याच्या उलट. वरचा भाग तापून प्रसरतो, खालचा जमिनीलगत गार राहतो, आणि स्लॅब मधोमध फुगतो.

हे किती होते? आपल्याकडच्या कडक उन्हात ३० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या अंगांत पंधरा अंशांचा फरक धरणे अवास्तव नाही. तेवढ्याने स्लॅबला जी वक्रता येईल, तिची त्रिज्या जाडी भागिले (प्रसरणांक × तापमानातील फरक), म्हणजे दोन हजार मीटर येते. दोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ सरळ रेषाच, असे वाटेल. पण साडेचार मीटर लांबीच्या स्लॅबच्या मध्याची उंची लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट, म्हणजे सव्वा मिलिमीटर होते. नऊ मीटरच्या स्लॅबला तीच पाच मिलिमीटर होते. लांबी दुप्पट, उचल चौपट.

उचललेल्या भागाला स्वतःचे वजन खाली ओढते. आखूड स्लॅब आपल्या मर्जीने वाकून मोकळा होतो. लांब स्लॅबला वजन वाकू देत नाही, आणि पुरते अडवले गेले तर त्यात दर चौरस सेंटिमीटरला वीस-बावीस किलोग्रॅम ताण नुसत्या उन्हामुळे साठतो. म्हणजे काँक्रीटच्या शक्तीतली निम्मी शिल्लक सूर्यानेच खर्च करून टाकलेली. ट्रकसाठी उरली निम्मी. लांब स्लॅब मधोमध का चिरत, ते आता स्पष्ट होईल. सांधे साडेचार मीटरवर का, याचे खरे उत्तरही येथेच आहे. नुसत्या आक्रसण्याचा विचार केला, तर खालच्या थराशी होणाऱ्या घर्षणाच्या हिशोबाने वीस मीटरच्या स्लॅबमध्येही चार किलोग्रॅमहून कमी ताण येतो आणि पहिली रात्र पार पडली की तो सहज पेलता येतो. सांधे दूर ठेवणाऱ्यांचा हिशोब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यांनी आक्रसणे मोजले, वाकणे मोजले नाही.

आणि गोल्डबेकचे निराधार कोपरे? ते रात्री खरोखरच निराधार असतात. आपल्या अनेक शहरांत अवजड वाहनांना दिवसा बंदी असते आणि ते रात्री सोडतात, म्हणजे नेमके कोपरे उचललेले असताना. वाहतुकीच्या दृष्टीने दुसरा इलाज नाही, पण रस्त्याच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट वेळ आहे.

शेजारच्या दोन स्लॅबनी हा भार वाटून घ्यावा म्हणून सांध्यात गुळगुळीत लोखंडी गज आडवे घालतात. त्यांना डॉवेल म्हणतात. गजाचे निदान एक टोक काँक्रीटमध्ये सरकते राहिले पाहिजे, म्हणजे स्लॅब आक्रसूही शकतो आणि चाक आले की शेजाऱ्याच्या खांद्यावर हातही ठेवू शकतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात दोन लष्करी छावण्यांमधल्या रस्त्यावर १९१७-१८ मध्ये असे गज वापरले गेले.

या सगळ्याला पक्के गणिती रूप दिले ते डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी, १९२६ मध्ये. जमीन म्हणजे जणू असंख्य स्प्रिंगा आणि त्यांवर टाकलेली फळी म्हणजे स्लॅब, अशी त्यांची कल्पना. त्यांच्या समीकरणांतून जे निघाले ते पहिल्या वाचनात विश्वास बसू नये असे आहे. ते पुढे पाहू.

जयकर समिती ते मरीन ड्राइव्ह

आपल्याकडचे जुने रस्ते खडी-मुरमाचे, पाणी मारून रोलरने दाबलेले. बैलगाडीच्या लोखंडी धावा त्यांचा भुगा करत. पाचशे किलोग्रॅम भार पेलणारे चाक कठीण रस्त्याला पाच सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर लांब एवढ्याच जागेत टेकते असे धरा. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅम. हवा भरलेल्या ट्रकच्या टायरचा दाब सात-आठच असतो. खडी फोडायची बैलगाडीने आणि फुटलेली धूळ उडवायची मोटारीने, असा पहिल्या महायुद्धानंतरचा प्रकार होता. केवळ चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या टाकण्याचे प्रयोगही त्या काळात झाले. चाकोरी हा शब्द तेथे शब्दशः खरा ठरला.

रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये त्यातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापन झाली. रस्त्यांची मानके आजही तीच प्रसिद्ध करते. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला, तो ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो.

सिमेंटचीही वेळ जुळून आली होती. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट बनू लागले. महायुद्धानंतर इतके कारखाने निघाले, की माल पडून राहू लागला. सिमेंट कशाकशाला वापरता येते हे लोकांना शिकवण्यासाठी १९२७ मध्ये कारखानदारांनी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया काढली, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. काँक्रीटच्या रस्त्यांचा प्रचार करण्यात व्यापाराचा भाग मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळाने मुंबईला मरीन ड्राइव्ह दिला. समुद्र हटवून केलेल्या भरावावर १९४० च्या सुमारास झालेला हा काँक्रीटचा रस्ता, खाऱ्या वाऱ्यात आणि मुंबईच्या पावसात, सुमारे सत्तर वर्षे उघड्या अंगाने उभा होता. २०१२ च्या सुमारास त्यावर डांबरी थर चढला.

मग आपण सगळेच रस्ते तेव्हाच काँक्रीटचे का केले नाहीत? कारण अर्थशास्त्रात आहे. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि डांबर हाताशी आले. सिमेंट मात्र धरणांना आणि घरांनाच पुरेना. १९८२ पर्यंत ते पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होते, त्या वर्षी अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण मुक्त झाले. एकेका पोत्याच्या परवान्यासाठी खेटे घातलेले वाचक अजून असतील. सिमेंट मोकळे झाले, आणि त्यानंतरच २००२ मध्ये पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा २०२५ मध्ये नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंत पोचलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग काँक्रीटचा करणे शक्य झाले.

खारटण जमिनीवरची फळी

आता वेस्टरगार्डचे राहिलेले उत्तर. मीरा-भाईंदरचा बराचसा भाग म्हणजे एके काळची मिठागरे, खाजण आणि भातशेती. खाली खाडीचा मऊ काळा चिखल. अशा जमिनीवर कठीण रस्ता टिकेल कसा? डांबरी रस्ता चाकाचा भार थराथराने खाली पोचवतो, म्हणून त्याला जमिनीचा टणकपणा फार लागतो. काँक्रीटचा स्लॅब फळीसारखा भार दूरवर पसरतो. वेस्टरगार्डच्या समीकरणांत जमिनीचा टणकपणा चौथ्या मुळात येतो. जमीन सोळा पट मऊ झाली, तर भार पसरण्याचे अंतर फक्त दुप्पट होते, आणि ३० सेंटिमीटरच्या स्लॅबच्या मध्यभागी चाक असताना पडणारा ताण वाढतो सुमारे पाव हिश्श्याने.

म्हणजे जमीन मऊ असणे हा काँक्रीटचा मोठा शत्रू नव्हे. शत्रू आहे ती सारखी नसणारी जमीन. एका स्लॅबच्या अर्ध्या भागाखाली जुना दाबलेला मुरूम आणि उरलेल्या अर्ध्याखाली काल बुजवलेला जलवाहिनीचा चर असेल, तर फळी एका बाजूने अधांतरी राहते आणि वेस्टरगार्डच्या स्प्रिंगा तेथे उरतच नाहीत. दुसरा शत्रू सांध्यातून झिरपणारे पाणी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे, सांध्याचे भरण निघाले की पाणी खाली साठते, ट्रकचे चाक आले की स्लॅब दबतो आणि चिखलाचे पाणी सांध्यातून पिचकारीसारखे उडते. प्रत्येक पिचकारीबरोबर थोडी माती बाहेर येते. काही पावसाळ्यांत कोपऱ्याखाली पोकळी होते, आणि मग ३भ / ज² हे समीकरण दिवसाही लागू पडते.

म्हणूनच मला काँक्रीटीकरणात काँक्रीटपेक्षा त्याच्या आधीच्या दोन महिन्यांची काळजी जास्त वाटते. नळ, गटार, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा यांची जागा आधी ठरली नाही, तर नवा स्लॅब फोडावा लागतो. डांबरी रस्त्याला ठिगळ लावता येते; काँक्रीटला लावलेले ठिगळ म्हणजे चार नवे कोपरे.

आता रस्त्यावरचे तडे वाचता येतील. कापलेल्या चिरेच्या आत, खालपर्यंत गेलेला बारीक तडा दिसला तर काम योग्य झाले आहे. चीर त्यासाठीच होती. चिरेपासून हातभर अंतरावर, तिला जवळजवळ समांतर असा वेडावाकडा तडा असेल, तर यंत्र उशिरा आले. काँक्रीट आपल्या मर्जीने आधीच तुटले होते. ओतल्यानंतर पहिल्या काही तासांत पृष्ठभागावर तुटक, उथळ भेगा पडल्या असतील, तर ऊन आणि वारा पाणी पळवत असताना कोणी आच्छादन घातले नाही. दोन सांध्यांच्या मधोमध आरपार तडा असेल, तर स्लॅब लांब आहे, पातळ आहे किंवा त्याखालची जमीन बसली आहे. आणि कोपऱ्यावर त्रिकोण सुटला असेल, तर पावसाळ्यात तेथे उभे राहून पिचकारी उडते का ते पाहावे.

विद्यार्थ्यांना एक मोजमाप करायला द्यावे. शाळेच्या आवारात किंवा रहदारी नसलेल्या गल्लीत काँक्रीटचा सांधा निवडून, त्याच्या दोन्ही बाजूंना पक्क्या रंगाने दोन बारीक खुणा कराव्यात. स्लॅबची लांबी मोजून ठेवावी. जानेवारीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी खुणांमधले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. काँक्रीटच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडला, तर साडेचार मीटरच्या स्लॅबसाठी उत्तर ०.७ मिलिमीटरच्या जवळपास यायला हवे. ते बरेच कमी आले, तर सांध्यात खडी-माती अडकली आहे का, ते आधी तपासावे.